गोल्डबर्ग कॉर्ककर



आपल्या बेने इस्राएल लोकांत माणसाची खरी ओळख गावावरून होते. केहीमकर, पेणकर, नवगावकर, राजपूरकर. गाव सुटून दोनशे वर्षं झाली, घाणा केव्हाच मोडला, नातवंडं अश्दोद नाहीतर टोरोंटोला, तरी नावाला ‘कर’ चिकटलेला असतोच. हा नियम आयर्लंडात लावायचा तर जेराल्ड गोल्डबर्ग यांना मी बेधडक ‘कॉर्ककर’ म्हणेन. आज त्यांच्याविषयी लिहायचं आहे.

कोण हे गोल्डबर्ग? आयर्लंडच्या दक्षिणेला ली नदीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेलं कॉर्क नावाचं शहर आहे. त्या शहराचे ते १९७७ साली लॉर्ड मेयर, म्हणजे महापौर झाले. धंद्याने वकील. जन्म १९१२ चा, कॉर्कचाच. वकिलीची सनद १९३४ ची आणि त्यानंतर ६३ वर्षं सतत वकिली. बायको शीला बेलफास्टची, लग्न १९३७ साली, तीन मुलगे. दिवसा कोर्ट, संध्याकाळी घर, शब्बाथला सिनेगॉग. जमातीचे ते प्रमुखही होते, आपल्या भाषेत मुकादमच म्हणा. संगीत आणि चित्रं यांची नवरा-बायको दोघांना हौस. कॉर्क शहर म्हणवत असलं तरी त्या काळी वस्ती सव्वा-दीड लाखाची. सगळे सगळ्यांना ओळखतात. अलिबाग-पनवेलला जसे एखादे वकीलसाहेब असतात, ज्यांच्या ओट्यावर सगळ्या जातीधर्माचे लोक कागद घेऊन बसलेले असतात, तसे हे.

आता तुम्ही म्हणाल, यहुदी महापौर यात आपल्याला काय नवल? आपले डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना डॉ. ई. मोझेस रोड लागतो, तो त्यांच्याच नावाचा. बसमधल्या किती जणांना हे मोझेस कोण ते ठाऊक असेल, देव जाणे. आयर्लंडातही गोल्डबर्ग पहिले नव्हते. बेलफास्टला ऑटो जाफे १८९९ मध्ये आणि पुन्हा १९०४ मध्ये महापौर होते. डब्लिनला रॉबर्ट ब्रिस्को १९५६ मध्ये महापौर झाले, पुढे त्यांचा मुलगा बेनही झाला. कॉर्क जिल्ह्यातल्या यॉल या लहानशा बंदरगावात तर १५५५ सालीच पोर्तुगीज यहुदी वंशाचा मेयर होऊन गेला असं सांगतात.

मग गोल्डबर्ग यांच्यावरच का लिहायचं? त्यांच्या वडिलांमुळे.

वडील लुई गोल्डबर्ग लिथुआनियातून आले. तो मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला, त्यानंतर यहुद्यांवर दंगली आणि जाचक कायदे यांचा वरवंटा फिरला. शिवाय झारच्या फौजेत सक्तीची भरती होतीच. पोरं पळू लागली. कॉर्क आणि लिमरिकला आलेले बरेचसे लोक अकमियान आणि त्याच्या आसपासच्या गावांतले, एकमेकांचे नातलग नाहीतर शेजारी.

कॉर्कमध्ये एक गोष्ट सांगतात. ही मंडळी निघाली होती अमेरिकेला. जहाज बंदराला लागलं, खलाशी ओरडला ‘कॉर्क, कॉर्क’. यांना वाटलं ‘न्यूयॉर्क’ आलं, आणि सगळे सामानसुमान घेऊन उतरले. दुसरा पाठ असा की कप्तानाने त्यांना उतरवून दिलं आणि सांगितलं, अमेरिका इथून पुढचंच गाव. गोल्डबर्ग घराण्यातही हीच गोष्ट चालत आलेली.

वाचताना मला आपलं नवगाव आठवल्याशिवाय राहिलं नाही. आपलंही तारू फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, बाकीच्यांची कबर किनाऱ्यावरच्या उंचवट्यात. तिथे आज स्मारक आहे, आपण जाऊन हात जोडून येतो. जगभर विखुरलेल्या आपल्या लोकांना किनाऱ्यावर उतरण्याची गोष्ट लागतेच. ठरवून आलो म्हणण्यापेक्षा देवाने आणून टाकलं म्हणणं बरं वाटतं. इथल्या लोकांनाही ते बरं वाटतं, कारण मग कुणी घुसलं असं होत नाही.

पण इतिहासाचं शास्त्र वेगळं बोलतं. डब्लिनचे अर्थशास्त्रीय इतिहासकार कॉर्मक ओ ग्राडा यांनी आयर्लंडच्या यहुद्यांवर २००६ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, या चुकून उतरण्याच्या गोष्टींवर फार भिस्त ठेवू नका. एक जण आधी येतो, बस्तान बसवतो, मग भावाला, मेव्हण्याला, गाववाल्याला पत्र टाकतो. मुंबईला आपली माणसं कोकणातून अशीच आली. आधी काका फौजेत नाहीतर गोदीत, मग त्याच्या खोलीत दहा जण. मला ओ ग्राडा यांचं पटतं. तरी गोष्ट टाकून द्यावी असं मात्र वाटत नाही. घडलं काय ते एक, आणि त्या घरांत मुलांना काय सांगून वाढवलं ते दुसरं. इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही लागतं.

लुई लिमरिकमध्ये स्थिरावले. धंदा फेरीचा. पाठीवर गाठोडं, त्यात चादरी, कापड, भांडी, आणि गंमत म्हणजे ख्रिस्ती संतांच्या तसबिरीसुद्धा. असे यहुदी फेरीवाले दारोदार माल देत आणि दर आठवड्याला हप्ता गोळा करायला जात. गरीब घरातल्या बायकांना एकरकमी चादर परवडत नसे, हप्त्याने परवडे. म्हणून धंदा चालला. पण या धंद्यात एक खोट आहे. हप्ता मागायला दर आठवड्याला दारात उभा राहणारा माणूस कुणालाच आवडत नाही, मग तो कितीही भला असो. आपले शनवार तेली तेल विकत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, एवढंच गावाला ठाऊक. त्यांच्या हातात सगळ्या गावाची उधारीची वही नव्हती. कोकणात आपल्याला कुणी उठवलं नाही याचं श्रेय आपण हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या चांगुलपणाला देतो आणि ते खरंच आहे. पण घाण्यालाही थोडं द्यावं असं माझं मत आहे.

११ जानेवारी १९०४. लिमरिकच्या रिडेम्प्टोरिस्ट पंथाचे फादर जॉन क्रे यांनी आपल्या हजारो पुरुषांच्या मंडळीपुढे प्रवचन केलं. विषय यहुदी. हे सावकार आहेत, रक्त शोषतात, यांच्याशी व्यवहार करू नका. प्रवचन ऐकून बाहेर पडलेल्या लोकांच्या वाटेवर कलूनी स्ट्रीट होता आणि तिथेच यहुद्यांची घरं होती. त्या रात्रीपासून शिव्या, चिखल, दगड. नंतर बहिष्कार. दुकानात गिऱ्हाईक येईना, आणि ज्यांनी माल घेतला होता ते हप्ता देईनात. फेरीवाल्याचं सगळं भांडवल लोकांकडच्या येण्यात अडकलेलं असतं, ते एका रात्रीत बुडालं. रब्बी एलायस लेव्हिन यांच्यावर दगड मारणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला महिनाभराची शिक्षा झाली, आणि तो सुटून आला तेव्हा त्याचं गावात स्वागत झालं.

सगळेच तसे नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. मायकल डॅव्हिट हे आयर्लंडच्या कुळांचे पुढारी. आदल्याच वर्षी ते रशियातल्या किशिनेव्हला जाऊन तिथल्या यहुद्यांच्या कत्तलीची चौकशी करून आले होते. त्यांनी वर्तमानपत्रात उघड निषेध केला आणि ते स्वतः लिमरिकला आले. प्रोटेस्टंट बिशपनीही यहुद्यांची बाजू घेतली. पण बहिष्कार दोनेक वर्षं रेंगाळला. १९०१ च्या शिरगणतीत लिमरिकमध्ये १७१ यहुदी होते. पोलिसांच्या नोंदीप्रमाणे त्यांतली आठ कुटुंबं गेली, त्यातली पाच थेट बहिष्कारामुळे. आकडा लहान वाटेल. अलिबागच्या इस्राएल आळीतून आज आठ कुटुंबं उठली तर तिथे मिन्यानला दहा पुरुष उरतील का, ते मनाशी मोजून पाहा. गंमत म्हणा की क्रूर थट्टा, त्याच १९०४ साली त्याच देशात बेलफास्टच्या महापौरपदी ऑटो जाफे बसलेले होते.

लुई गोल्डबर्गही लिमरिक सोडून गेलेल्यांपैकी. शेवटी ते बायकामुलांसह कॉर्कला आले, आणि तिथे आठ वर्षांनी जेराल्ड जन्मले.

म्हणजे जेराल्ड यांनी बहिष्कार पाहिला नव्हता. पण त्यावर ते आयुष्यभर बोलत राहिले, लिहीत राहिले. मी अनेक वर्षं वॉर्डात काढली आहेत. रोगी बरा होऊन घरी जातो आणि दोन वर्षांनी विचारलं तर त्याला अर्धंअधिक आठवत नाही. पण त्या दिवसांत घरात जी कुजबुज चाललेली असते ती मुलांच्या मनात राहते, मागून जन्मलेल्यांच्यासुद्धा. गोल्डबर्ग यांची मोठी बहीण फॅनी हिनेही त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या. फॅनीचा मुलगा डेव्हिड मार्कस पुढे मोठा संपादक झाला. १९६८ पासून त्याने ‘आयरिश प्रेस’मध्ये नव्या आयरिश लेखकांसाठी पान चालवलं आणि किती तरी जणांना पहिल्यांदा छापलं. ज्या घराला दगड मारून हाकललं, त्याच घरातल्या नातवाने त्या देशाच्या लेखकांना दार उघडून दिलं.

आणि १९७० साली लिमरिकचे तेव्हाचे महापौर स्टीफन कॉफलन यांनी जाहीर भाषणात फादर क्रे यांचीच बाजू उचलून धरली. आरडाओरड झाली, मग माफी मागितली. म्हणजे ६६ वर्षांनीही खपली निघालेली नव्हती. अशा काळात शेजारच्याच कॉर्कमध्ये गोल्डबर्ग नगरपालिकेत बसत होते. १९६७ साली ते अपक्ष म्हणून निवडून आले, पुढे फियाना फॉल पक्षात गेले.

कॉर्कच्या महापौराची ती खुर्ची साधी नाही. १९२० साली तिच्यावर बसलेल्या टोमास मॅककर्टन यांना मार्चमध्ये त्यांच्या राहत्या घरात गोळ्या घातल्या. त्यांच्यामागून टेरेन्स मॅकस्विनी आले, त्यांना इंग्रजांनी पकडून लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात टाकलं आणि ७४ दिवस अन्न सोडून ते ऑक्टोबरात वारले. आपल्याकडे १९२९ साली जतीन दास लाहोरच्या तुरुंगात उपोषणात गेले तेव्हा मॅकस्विनींच्या घरून सांत्वनाची तार आली होती. त्याच १९२० च्या डिसेंबरात इंग्रज शिपायांनी कॉर्कचा मधला बाजार जाळला. जेराल्ड तेव्हा आठ वर्षांचे. हे सगळं ज्या मुलाच्या शहरात घडलं, फेरीवाल्याचा तो मुलगा १९७७ साली मॅककर्टन-मॅकस्विनींच्या खुर्चीवर बसला. गळ्यात महापौराची साखळी. लुई गोल्डबर्ग यांनी लिमरिकमध्ये गाठोडं उचललं तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर ते हसले असते.

त्याच वर्षी ली नदीच्या दक्षिण फाट्यावर पायी जाणाऱ्यांसाठी नवा पूल झाला, ट्रिनिटी ब्रिज. पलीकडे जवळच साऊथ टेरेसवर यहुद्यांचं सिनेगॉग. उद्घाटन महापौर गोल्डबर्ग यांच्या हस्ते. कॉर्कचे लोक मोठे विनोदी. त्यांनी पुलाला लगेच नाव ठेवलं, ‘पासओव्हर’! नदीवरून पलीकडे जायचं म्हणून पासओव्हर, आणि यहुदी महापौराने उघडला म्हणूनही पासओव्हर, म्हणजे आपला पेसाह, ज्याला आपल्या आज्या अनाशी ढाकाचा सण म्हणायच्या. ट्रिनिटी हा ख्रिस्ती धर्मातला केवढा मोठा शब्द, पण लोकांच्या तोंडी राहिला पेसाह.

माझी भाची कॉर्कच्या एका इस्पितळात नर्स आहे. तिथे आता भारतातल्या नर्सेस पुष्कळ, बहुतेक केरळच्या. तिच्याकडे राहायला गेले असता मी तो पूल पाहिला. लहानसा आहे, पायी दोन मिनिटांत संपतो. तिच्या आयरिश मैत्रिणीला मी विचारलं, या पुलाला काय म्हणतात? ती सहज म्हणाली, पासओव्हर. का म्हणतात, तर महापौर गोल्डबर्ग. त्यांच्याबद्दल आणखी काय ठाऊक आहे? ती म्हणाली, आमच्या आजोबांचे वकील होते. मला वाटतं, गावात माणूस जिरतो तो असा.

पण सगळं गोड होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. १९८२ साली लेबनॉनच्या युद्धाच्या वेळी कॉर्कच्या सिनेगॉगवर आगीचा हल्ला झाला. इस्रायलच्या सरकारने काय केलं याचा जाब साऊथ टेरेसच्या म्हाताऱ्या यहुद्यांनी का द्यायचा, हे कुणी विचारलं नाही. गोल्डबर्ग तेव्हा सत्तरीचे, माजी महापौर, सगळ्या शहराच्या ओळखीचे. त्यांनी आपलं दुःख जाहीर बोलून दाखवलं. गप्प बसले असते तर मान आणखी वाढला असता कदाचित. ज्यांना ‘सगळ्यांचे लाडके’ म्हणतात त्यांच्याकडून लोकांची एक अपेक्षा असते, की त्यांनी कटू काही बोलू नये. गोल्डबर्ग यांनी ती पाळली नाही आणि मला ते त्यांच्या महापौरपदापेक्षा मोठं वाटतं. इतकं होऊनही ते कॉर्कमध्येच राहिले. युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क, जिथे ते शिकले, तिने त्यांना पुढे मानाची डॉक्टरेट दिली.

३१ डिसेंबर २००३ रोजी ते वारले, वय ९१. शहराबाहेर टेकडीवर कराकिप्पेन इथे यहुद्यांचं कबरस्तान आहे, खाली ली नदीचं खोरं दिसतं. तिथेच त्यांची कबर.

त्यांच्या जमातीचं पुढे काय झालं ते आपल्या लोकांनी विशेष लक्ष देऊन वाचावं. कॉर्कची यहुदी मंडळी १८८१ साली उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे चारशेच्या आसपास माणसं होती. गॅसच्या कारखान्याजवळच्या हायबर्नियन बिल्डिंग्ज या बैठ्या घरांच्या चाळीत ती राहत, लोक त्या भागाला ‘ज्यूटाऊन’ म्हणत, अजूनही म्हणतात. चारशेच माणसं, तरी त्यांत मधे भांडण होऊन दोन मंडळ्या झाल्या होत्या. (हसू नका. आपल्याकडे काय कमी झालंय?) मग मुलं शिकली, डब्लिनला, लंडनला, इस्रायलला गेली. सगळ्या आयर्लंडच्या स्वतंत्र राज्यात १९४६ साली जेमतेम ३,९०७ यहुदी होते, तोच कळस. कॉर्कमध्ये शेवटी शेवटी मिन्यानसाठी बाहेरून माणसं आणावी लागत. फेब्रुवारी २०१६ मध्ये साऊथ टेरेसचं सिनेगॉग बंद झालं.

रेवदंडा, बोर्ली, म्हसळा या बाजूच्या आपल्या सिनेगॉगांची कुलुपं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी वेगळं सांगायला नको. छप्पर धड आहे, तेवा आहे, हेखाल आहे, शामाश चावी घेऊन येतो, दिवा लावतो, आणि दहा जण नाहीत. भारतात आपण १९५० च्या सुमाराला वीस हजारांच्या घरात होतो. उतार त्यांचाही, आपलाही. फरक एवढाच की आपण बहुतेक जण राजीखुशीने गेलो.

लिमरिकमध्ये शहराजवळच्या यहुदी कबरस्तानाची १९९० साली तिथल्याच नागरिकांच्या संस्थेने डागडुजी केली. रान साफ केलं, भिंत नीट केली. कबरींची काळजी घ्यायला यहुदी उरलेच नव्हते, म्हणून ख्रिस्ती शेजाऱ्यांनी घेतली.

कॉर्कमध्ये ज्यूटाऊनच्या मधोमध गॅस कंपनीची मोकळी जागा होती. कंपनीने ती नगरपालिकेला दिली आणि १९८९ साली तिथे बाग झाली. नाव शालोम पार्क. २०११ पासून या बागेत नऊ दिव्यांची एक रांग आहे, मॅडी लीच नावाच्या कलावतीने केलेली. आठ दिवे इतर दिव्यांसारखे रोजच्या उपयोगाचे. नववा मात्र वर्षभर विझलेला असतो. हनुक्काच्या शेवटच्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या सुमाराला तो थोडा वेळ पेटतो आणि पुन्हा विझतो. हा रिवाज कोणी विसरू नये म्हणून नगरपालिका आणि यहुदी मंडळी यांच्यात लेखी करार झाला आहे, पुढच्या अनेक वर्षांच्या हनुक्काच्या तारखाही आधीच काढून ठेवल्या आहेत. मंडळी उरली नाही तरी नगरपालिकेने दिवा लावायचा आहे.

आपल्यातली कोणी मुलंमुली आयर्लंडमध्ये शिकायला नाहीतर नोकरीला असतील तर त्यांनी यंदा हनुक्काच्या शेवटच्या संध्याकाळी तिथे जाऊन यावं. ट्रिनिटी ब्रिजवरून जा. नववा दिवा पेटलेला असेल तोवर गोल्डबर्ग यांच्यासाठी हशकाबा म्हणा.